अंगणाचा बदलीचा अर्ज

विमल नलावडे यांच्या घरापुढच्या अंगणाने बदली मागितली. अर्ज रीतसर होता, पुढच्या दाराच्या फटीतून आत सरकवलेला, आणि सहीच्या जागी ओल्या मातीचा ठसा. विमलताईंनी तो दोनदा वाचला; कारणापुढे फक्त 'सेवापुस्तक पाहावे' एवढंच होतं. सरकारी दवाखान्यात सदतीस वर्षं नर्स होत्या, अर्ज कशाला म्हणतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

बदली समोरच्या शिकलगारांकडे हवी होती. त्यांच्या दारातून पाय बाहेर टाकला की थेट रस्ता, त्यामुळे तिथे अंगणाची जागा रिकामीच होती.

दुसऱ्या दिवशी अंगण खात्याचे पाटोळे साहेब टेप घेऊन हजर. विमलताई मागच्या दाराने वळसा घालून पुढे आल्या. साहेबांनी गुडघाभर गाजरगवत पाहिलं, फुटक्या कुंड्या पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही."

"अहो, हे गेले त्याला तीन वर्षं झाली. अंगणाचं सगळं हेच बघायचे. मला पुढं यायलाच नको वाटतं. पण म्हणून ते जावं असं नाही हो. यांचं एवढंच तर उरलंय."

"आठ दिवसांची मुदत देतो. सुधारणा करा. पण फार खर्चात पडू नका, अंगणं भपक्याला भुलत नाहीत. मागे एकांनी कारंजं बसवलं. अंगण त्याच आठवड्यात निघून गेलं."

विमलताईंनी पदर खोचला. दोन दिवस गवत उपटण्यात कंबरेचा काटा ढिला झाला. तेलाच्या रिकाम्या डब्यांना त्यांनी गेरू फासला आणि त्यात माती भरली. फुटक्या फरशीचे तुकडे मांडून पायवाट केली. ती जरा वाकडी झाली. आता नाचता येईना अंगण वाकडे म्हणावं, तर ज्याला म्हणायचं तेच रुसलेलं, म्हणून त्या गप्प बसल्या.

पाचव्या दिवशी शिकलगार भाभी अबोलीची रोपं आणि मोगऱ्याची फांदी घेऊन आल्या.

"भाभी, माझ्याकडचं अंगण तुम्हालाच मिळणार, आणि तुम्हीच मला रोपं देताय?"

"आलं असतं तर आवडलंच असतं, खोटं कशाला बोलू," भाभी खाली बसून माती उकरत म्हणाल्या. "पण नलावडे भाऊंचं अंगण ते. तुमच्याकडंच शोभतं."

विमलताईंना भरून आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

आठव्या दिवशी पाटोळे साहेबांनी सगळं पाहिलं, पसंतीची मान हलवली आणि मधोमध थांबले. "हे चार खड्डे बुजवले नाहीत?"

"यांच्या खुर्चीचे आहेत. संध्याकाळी इथंच बसायचे. माझा हात होईना बुजवायला. पण साहेब, तीन पावसाळे झाले, एव्हाना आपसूक बुजायला हवे होते."

साहेबांनी अंगणाचं सेवापुस्तक उघडलं. "अंगणाने राखले आहेत. रोज पहाटे माती काढल्याची नोंद आहे. मात्र अर्ज अजून कायम आहे. कारण पहिलं आणि एकमेव: पुढचं दार उघडत नाही."

विमलताई मागच्या दाराने आत गेल्या. पुढच्या दाराची कडी गंजली होती, तिला गोडंतेल सोडलं, खांदा लावला. दार उघडलं. त्यांनी नवऱ्याची खुर्ची उचलून बाहेर आणली. चारही पाय खड्ड्यांत बरोबर बसले. त्या टेकल्या आणि वाकून मातीवर तळवा ठेवला.

"फार उपकार झाले रे बाबा तुझे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कागद जमिनीवर ठेवला. ठसा उमटला, तसा त्यांनी तो उचलून वाचून दाखवला. "अर्ज मागे घेण्यात येत आहे. शिकलगार भाभींना रोज संध्याकाळी बोलवावे. त्यांची सोय केली आहे."

विमलताईंनी खुर्चीच्या शेजारी पाहिलं. तिथे चार नवे खड्डे होते, अजून ओले. त्या उठल्या आणि पुढच्या दाराने दुसरी खुर्ची आणायला आत गेल्या.