विटलाय कोण?

माणसाच्या नुसत्या आवाजावरून त्याच्या पोटातलं ओळखणारी बाई घरात असली की शब्दांचे अर्थ विचारायची गरज कुणाला? सासूबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण कान शाबूत होते. म्हणूनच सून गॅलरीत बहिणीशी फोनवर दबक्या आवाजात बोलायला लागली, तशा त्या दाराआडच्या खुर्चीची धूळ झटकायला गेल्या.

"पार विटलाय गं," सून सांगत होती. "लग्नाच्या वेळी कसा दिसायचा, आणि आता! बदलायचाच. एक बघून ठेवलाय. उंचीला जरा जास्त आहे, पण शोभेल. आईंना एवढ्यात कळू देऊ नकोस."

सासूबाईंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. माणूस विटतो म्हणजे कंटाळतो, कापड विटतं म्हणजे रंग जातो. लेकाला तर दोन्ही अर्थ लागू पडत होते!

तेवढ्यात सून 'दुकानात जाऊन येते' म्हणत बाहेर पडली. केस विंचरून. दुकानात जायला केस कशाला विंचरायला हवेत?

लेक कामावरून आला, तसं त्यांनी त्याला खिडकीशी उभं करून लुगड्याचा पोत पाहावा तसं मागूनपुढून पाहिलं. कानशिलं पांढरी, तोंड पिळून वाळत घातल्यासारखं. बायकोशी नीट बोलतोस का, तिला काही कमी पडतंय का, सगळं खोदून विचारलं. तो म्हणाला, भूक लागलीय. घर बुडायला आलं तरी या ठोंब्याला पत्ता नाही!

मग त्यांनी स्वतःच्या कपाटातून कलपाची बाटली काढली. ती तिथे असते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. लेकाला खाली बसवून सगळा कलप त्याच्या डोक्यावर थापला. तो डोळ्यांत उतरला. लेक बोंबलत उठला आणि हाताला जे लागलं त्यात तोंड खुपसलं. तो दिवाणखान्यातला पडदा होता.

सून दारात उभी. नवऱ्याचं कपाळ काळं, कान काळे, पडदा काळा.

"असू द्या," ती म्हणाली. "नाहीतरी विटलाच होता. मी नवा घेऊन आलेय." तिच्या काखेतल्या पुडक्यातून निळं कापड डोकावत होतं.

"म्हणजे... पडदा?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय? जुना तुमच्या पसंतीचा, म्हणून सांगायला धजत नव्हते."

लेकाचा संसार वाचला होता. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, सुस्कारा टाकला. मग एकदम डोळे उघडले.

"माझी पसंती विटली म्हणतेस? अगं, त्यापेक्षा नवरा बदलला असतास तर मी एक वेळ समजून घेतलं असतं."