बारा कुंड्या आणि केसांच्या क्लिपा

धाकट्या बहिणीच्या पत्राचं उत्तर दीड वर्ष राहून गेलं होतं. पत्रासोबत तिच्या शेतातल्या मातीचं पोतंही आलं होतं. 'दादा, टोमॅटो उभ्याउभ्या माना टाकतात. मातीत विषारी वायू सोडणाऱ्याला बोलवा, असं घरात चाललंय. मला ते नको वाटतं. दुसरं काही असेल तर कळव.'

दादा निवृत्त ग्रंथपाल. जन्मभर लोकांना पुस्तकं काढून दिली, मत कुणाला दिलं नाही. उत्तराचे सात खर्डे झाले आणि दर खर्ड्यात 'बहुधा' वाढत गेले. मग दुसरं पत्र आलं: वायूवाला तीन महिन्यांनी येतोय.

आता करून पाहणं भाग होतं. रानवांग्याच्या मुळाला मातीतला मर रोग लागत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी रानवांग्याच्या बुंध्यांवर टोमॅटोचे शेंडे तिरके कापून बसवले, सांधे क्लिपांनी धरले आणि बारा रोपं बहिणीच्या मातीत लावली. क्लिपा बायकोच्या केसांच्या होत्या.

बायकोनं क्लिपा परत मागितल्या. सांधा जुळेपर्यंत हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. ती शब्दाला जागली.

दोन महिन्यांत अकरा रोपांनी माना टाकल्या. दादांनी आठवा खर्डा घेतला: 'उपाय सापडला नाही. वायूवाल्याला बोलाव.'

"पाण्याच्या टाकीमागचं का नाही मेलं मग?" बायको म्हणाली.

खरंच, बारावं रोप टोमॅटोंनी वाकलं होतं. दादांनी पाहिलं: तिथे क्लिप मातीच्या वर दिसत होती. बाकीच्या कुंड्यांत माती सांध्याच्याही वर चढलेली.

"ही माती कुणी लावली?"

"क्लिपांना हात लावला नाही हं मी. नुसत्या झाकल्या. शेजारणी माझ्या क्लिपा ओळखतात."

"मग टाकीमागे?"

"तिथे गुडघा वळत नाही माझा."

दादांनी एका कुंडीतली माती उकरली. सांध्याच्या वर टोमॅटोनं स्वतःची मुळं फोडली होती आणि वांग्याला न विचारता रोगाशी सोयरीक जुळवली होती. पुस्तकांत हे असणारच. दादा त्या पानाआधीच उठले असणार.

नववा खर्डा दोनच ओळींचा झाला. 'रानवांग्याच्या बुंध्यावर टोमॅटोचा शेंडा बांध. सांधा मातीच्या चार बोटं वर ठेव.' बायकोनं खाली एक ओळ घातली, 'क्लिपा स्वतःच्या वापर.' मग दादांना हाताला धरून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी नेलं.

पत्र आत पडलं, तेव्हा दादांना आठवलं की त्यात एकही 'बहुधा' नाही. पत्र परत काढायला त्यांनी पेटीच्या फटीत बोटं घातली, ती अडकली.

"अहो, पत्र गेलं," बायको म्हणाली. "आता तुम्ही तरी बाहेर या."