घराला सदरा घालणारे इंगळे सर

आमच्या शेजारचे इंगळे सर कुणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे बघत नाहीत. चपला काढतात, सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी जातात आणि तिला उलटा हात लावतात, आजारी पोराचा ताप बघावा तसा. डोळे मिटून क्षणभर थांबतात. मग मान हलवून म्हणतात, "तापली हो तुमची भिंत." यजमानीण बिचारी पाण्याचा गिलास घेऊन मागे उभी असते. निदान झाल्याशिवाय सर पाणी घेत नाहीत.

मेहकरच्या एका शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. प्लॉट घेतले तेही एकमेकांना लागून, हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लेआउटमध्ये. त्यामुळे निवृत्तीनंतर शाळेतून माझी सुटका झाली, पण शेजारातून नाही. माणूस लाखात एक, यात वाद नाही. तो लाखातला एक माझ्याच कंपाउंडला लागून का राहतो, एवढीच माझी तक्रार आहे.

एप्रिल लागला की सरांची फेरी सुरू होते. आमच्याकडे घरोघरी कूलर लागतात, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून लोक समोरची खिडकी लावून घेतात. सरांना हे बघवत नाही. "कूलर लावता आन् खिडकी बंद करता? आत आलेली हवा जाईन कुठी? मंग अंग चिपचिप करते म्हणून कूलरवाल्याले शिव्या देता!" असं म्हणत ते दुसऱ्याच्या घरातली खिडकी खुशाल उघडतात. फटीतून गरम हवा कुठून शिरते हे बघण्यासाठी त्यांच्या खिशात कायम उदबत्तीचा पुडा असतो. पेटलेली उदबत्ती ते दाराच्या चौकटीभोवती हळूहळू फिरवतात आणि धूर कुठे हलतो ते बघतात. कोपऱ्यावरच्या काकूंच्या घरी त्यांनी असंच केलं, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभ्या राहिल्या. सरांनी सगळ्या खिडक्या संपवल्या आणि म्हणाले, "इथून शिरून राह्यलं." काकूंनी घाबरून विचारलं, "कोण हो?"

एकदा तर हद्द झाली. ओळखीतले एक गृहस्थ वारले म्हणून आम्ही भेटायला गेलो. सगळे खाली माना घालून बसलेले. सर उठले, भिंतीला हात लावून आले आणि हळू आवाजात मुलाला विचारलं, "बाबूजी इथंच झोपत होते काय?" मुलगा म्हणाला, हो. "तरीच. भिंत दिवसभर ऊन खाते आन् अंधार पडला की ओकते. म्हाताऱ्या माणसानं तिच्यापाशी झोपू नये." मी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. मला इतकं लाजल्यासारखं झालं, की पुढचा अर्धा तास मी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवला नाही. पण त्या मुलाने आठवड्याभरात आईची खाट त्या भिंतीपासून हलवली होती, हेही खरं.

माझे एक चुलतभाऊ भिक्षुकी करतात आणि हल्ली वास्तूचंही बघतात. त्यांची आणि सरांची गाठ माझ्या ओट्यावर पडली तेव्हा मी मनातून खूश झालो. म्हटलं, आता रंगणार. भाऊ म्हणाले, पश्चिमेला अडगळीची खोली असावी, जिना असावा, तिकडे जड असावं. सर म्हणाले, "हाव, बरोबर. तिकडं जड भिंत पाह्यजे, अडगळ पाह्यजे, माणूस नोको." दोघं एकमेकांकडे बघत राहिले. भांडायला काहीच उरलं नाही म्हणून दोघांनी नाराजीने चहा घेतला आणि आपापल्या वाटेने गेले. माझाही विरस झाला.

हे वेड सरांना पहिल्यापासून नव्हतं. ते मूळचे साखरखेर्ड्याकडचे. लहानपण धाब्याच्या घरात गेलेलं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचंच छत, दुपारी आत शिरलं की डोळ्यांवर झोप यायची. नोकरी पक्की झाल्यावर त्यांनी इथे हौसेने सिमेंटचं घर बांधलं. स्लॅब पडला त्या दिवशी सरांनी साऱ्या स्टाफला पेढे वाटले होते. आपण मातीतून वर आलो, असं त्यांना वाटलं असेल, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. आम्ही सगळ्यांनीच तसेच स्लॅब टाकले.

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता लग्न होऊन पुण्याला गेली. त्या काळी मे महिना म्हणजे लेकींचा महिना होता. एकेका घरापुढे ऑटो थांबायचा, बॅगा उतरायच्या, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत अनोळखी पोरांचा दंगा सुरू व्हायचा. आमरसाची पातेली, अंगणात कुरडयांच्या चिकाचा वास, सगळ्या घरांतून हसण्याचे आवाज. मी तेव्हा या गोंगाटाला वैतागायचो. आता तो कुठे ऐकू येत नाही, तर करमत नाही.

सुजाताही लेकीला, ओवीला, घेऊन यायची. एका मे महिन्यात भर दुपारी सरांच्या घरातून त्यांच्या बायकोची, वहिनींची, हाक आली. मी गेलो तर ओवीचा घोळणा फुटलेला, फ्रॉकवर रक्त, पोर रडतेय. वहिनींनी डोक्यावर ओला पंचा ठेवला, मी कांदा फोडून नाकाशी धरला. रक्त थांबलं. पण भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. सुजाताने दुसऱ्याच दिवशी बॅग भरली. "बाबा, दिवाळीत येऊ. मे महिन्यात नको आता, हिला झेपत नाही." पुढच्या मे महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सर मला म्हणाले, "भाऊ, माह्या घरानं माही नात हाकलली."

तेव्हापासून सरांना एकच ध्यास लागला. मे महिन्यात लेक आणि नात परत या घरात राहायला आल्या पाहिजेत.

मग त्यांनी घराला कपडे घालायला सुरुवात केली. हा त्यांचाच शब्द. "आपण उन्हात उघडे फिरतो काय? मंग घर काऊन उघडं?" पश्चिमेच्या भिंतीबाहेर थोडी जागा सोडून विटांची दुसरी भिंत उभी केली. मधली हवा ऊन अडवते म्हणाले. त्याला ते घराचा सदरा म्हणायचे. खिडक्यांवर असे लांब छज्जे काढले, की लांबून घराने कपाळावर हात धरल्यासारखं दिसायचं. जिन्याच्या माथ्याला झरोका ठेवला, गरम हवा वरून निघून जावी म्हणून. हॉलमधली बुद्धाची तसबीरसुद्धा उन्हाचा ताप नको म्हणून पश्चिमेवरून काढून उत्तरेला लावली. आणि शेवटी, गेल्या दिवाळीला लेक येऊन गेल्यावर, धामणगाव बढ्याच्या एका नातेवाइकाकडून ऐकलं आणि गच्चीभर मातीची मडकी उपडी मांडली, चुन्यात बसवली, वरून पांढरं फासलं. घराची ती टोपी.

वहिनी संतापल्या. "गच्ची पूरी मडक्यायनं भरून टाकली. आता पापड काय तुमच्या टकलावर वाळू घालू?" सर शांतपणे म्हणाले, "तिथं पुरणार नाईत." गल्लीत त्यांच्या गच्चीला कुंभारवाडा हे नाव पडलं. ते मीच पाडलं, हे सरांना अजून माहीत नाही.

प्रत्येक खोलीत एक तापमापक लटकला. रोज दुपारी सर सुजाताला फोन लावून आतलं आणि बाहेरचं तापमान सांगत. आपल्याकडे लोक लेकीला फोनवर जेवलीस का विचारतात. हे विचारत, "तुह्या पुण्यात किती आहे?" आणि आपला आकडा खाली असला की फोन ठेवल्यावर खिडकीतून मला ओरडून सांगत. पलीकडून सुजाता म्हणायची, "हो बाबा, बघू." त्या "बघू"वर सर पुढचा उन्हाळा काढायचे.

यंदा ती आली. मे महिन्यात, भर दुपारी, ओवीला घेऊन. घरात शिरली आणि म्हणाली, "अगंबाई, काय गार आहे!" सरांनी हे वाक्य तिला दोनदा म्हणायला लावलं. जेवण झालं, पोर पंख्याखाली झोपली, आणि थोड्या वेळाने माझं दार धडाधडा वाजलं. सर दारात उभे. "भाऊ! ओवीनं चादर मागतली! मे महिन्यात चादर!" मग ते तसेच उन्हात गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले. पोरगा कलेक्टर झाल्यावरही लोक इतक्या घरी जात नाहीत. मला खरोखर आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला.

त्याच संध्याकाळी मी माझ्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. सरांच्या जिन्यातून सुजाता वर आली. काखेत गुंडाळलेली सतरंजी, मागे उशी घेऊन ओवी. आणि जिन्याच्या तोंडाशीच ती थांबली. पाय ठेवायला जागा नव्हती. इकडून तिकडे नुसती पांढरी मडकी.

"आई, आपण कुठे झोपायचं?" ओवीने विचारलं. "तू तर म्हणाली होतीस, आजोबांच्या गच्चीवर चांदण्या बघत झोपायचं."

मला सुजाताचं लहानपण आठवलं. तेव्हा सगळ्या गच्च्यांवर तिन्हीसांजेला पाणी मारायचे. तापलेल्या सिमेंटचा वास सुटायचा, मग गाद्या पडायच्या, आणि या गच्चीवरची पोरं त्या गच्चीवरच्या पोरांशी झोप लागेपर्यंत बोलत राहायची. कडेची जागा कुणाची यावरून सुजाता रोज भांडायची. आमच्या गच्चीवर झोपायला आली की माझ्याशीसुद्धा भांडायची.

"खाली छान गार आहे," ती ओवीला म्हणाली. "चल." आवाज अगदी नेहमीचा होता. ती वळली, तेव्हा जिन्यात सर उभे होते, हातात पाण्याची कळशी. मडक्यांवर पाणी मारायला आणलेली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्या खाली गेल्या. सर वर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. "भाऊ, थे कायच्यासाठी येते, हे मी तिले कधी इचारलंच नाई हो," ते म्हणाले. "मी आपला ऊनच मोजत बसलो."

सकाळी ठोकाठोकीने जाग आली. सर लुंगी खोचून गच्चीवर बसले होते आणि हातोडीने मडकी फोडत होते. एका कोपऱ्यातली, चार गाद्या पडतील एवढ्या जागेतली. वहिनी जिन्यातून ओरडत होत्या, "अहो, काय करून राह्यले! एवढ्या मेहनतीनं बसवलं थे!" सर मान वर न करता म्हणाले, "तुह्या पापडाची सोय करून राह्यलो." संध्याकाळपर्यंत खापऱ्या उचलल्या, जागा घासून धुतली, पाणी मारलं. शाळा उघडेपर्यंत मायलेकी तिथेच झोपल्या. मला माझ्या गच्चीवरून त्यांचं खिदळणं ऐकू यायचं, आणि मी कुणालाही गप्प बसा म्हटलं नाही.

त्या गेल्या. पाऊस मात्र लांबला होता, उकाडा तसाच. एका दुपारी सरांकडे गेलो तर ते स्वतःच्या खोलीत बनियनवर बसून हातपंख्याने वारा घेत होते. खोली भट्टीसारखी तापलेली. बाकीचं घर गार, हीच खोली अशी कशी? वर बघितलं आणि ध्यानात आलं. फोडलेली मडकी याच खोलीवरची होती.

"पोरीच्या खोलीवरची काढली असती तं दुपारी ओवीले तरास झाला असता," सर म्हणाले. "म्हणून इथली काढली. तुमची वहिनी गेली तिकडं झोपाले."

"अहो, मग आता परत बसवा की. गेल्या ना त्या."

"आन् मंग? पुढच्या सालाले पुन्हा फोडू?" ते हसले. "राहू द्या, भाऊ. वरतं जागा रिकामी दिसली न, की थे येणार आहे असं वाटते."

त्यांनी पंखा माझ्या बाजूला वळवला आणि मलाही वारा घालू लागले. माझा सदरा पाठीला चिकटला होता. तरी उठावंसं वाटेना. आम्ही दोघं तिथेच घाम पुसत बसून राहिलो.