हिराचा हंडा आणि मध्या सरपंच

शेवटचं आम्ही नवराबायकोनं मिळून काय केलं, तर मत दिलं. शाळेत गेलो, रांगेत उभे राहिलो, बोटाला शाई लावून बाहेर आलो. आणि फाटकातच हिरा म्हणाली, "मी मध्यालाच दिलं."

माझं टाळकंच फिरलं.

मध्या म्हणजे आमचा सरपंच. आमचं गाव पेण तालुक्यात, कासूच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला. विहीर खारी. दारात नळ उभा आहे, त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. पाणी येतं टँकरनं, तेही मध्याच्या मर्जीनं. गावात त्याला चांगलं म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाय. आणि सगळ्यांत जास्त शिव्या घालणारी कोण? आमची हिरा.

तिचं माहेर रोह्याकडचं, नदीचं गोड पाणी पिऊन वाढलेली. रोज सकाळी रिकामा हंडा कमरेला लावून ती मध्याच्या ओट्यासमोर उभी. "मध्या, बाहेर ये! नळातनं वारा सोडलास, त्याचं बिल पाठव! तुझ्या सात पिढ्यांच्या चहात खार पडो!" तिचा आवाज ऐकून आळीतली पोरं शाळेला उठायची. मध्या लुंगीवर बाहेर यायचा, दात घाशीत म्हणायचा, "बोल काकी, बोल."

आणि मत त्यालाच!

"लाज नाय गो वाटत?" मी म्हटलं.

"दुसरा कोण हाय? तो पेणवाला? बंगल्याच्या गेटाला कुत्रा बांधलाय त्यानं. त्याला शिव्या घालायच्या तर आधी गाडीचं तिकीट काढा. हा हाताशी हाय."

"अख्खा गाव बोंबलतोय. आपटणार तो."

"बोंबलणारे सगळे त्याच्याच टँकरखाली हंडे लावतात. बघा तुम्ही, आरामात येतो."

मी रस्ताभर बोललो नाय. जेवलो तेही गपचूप. जेवून ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाय.

राग कुणाचा करावा कळेना. देवाचा केला, डॉक्टरचा केला, तिचाही केला. मग मध्याचा केला, तो सोपा होता. त्यानं खांदा दिला. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाय.

निकाल लागला. आरामात आला. 'ह्या वेळी मध्याला गाडायचाच' म्हणणारा आमचा शेजारी गणू डोक्यापासून पायापर्यंत गुलालात. मी दारातनंच ओरडलो, "गाडणार होतास ना रे?"

"काका, पोरीचं लगीन हाय. पाव्हण्यांना पाणी कोण देणार?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. नळाला पाणी आलं असतं, तर मध्या कवाच घरी बसला असता. तहानेवर निवडून येतो भडवा!

त्याची मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर आली तसे ढोल थांबले. माणसं दारावरनं मुकाट पुढं गेली, मग लांब जाऊन परत वाजायला लागली. त्यानं तर मला जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हंडा उचलला आणि गेलो. सुतक होतं, म्हणून ओट्याला शिवलो नाय, रस्त्यातच उभा राहिलो. मध्या आधीच बाहेर होता, दात घाशीत, रस्त्याकडं बघत. मी सुरू झालो. तिच्यासारखा आवाज लागत नाय माझा, पण तिच्या शिव्या जेवढ्या आठवल्या तेवढ्या सगळ्या घातल्या.

मला दम लागला, तसा मध्या म्हणाला, "काकीपण अशीच दम लागला की थांबायची. मग आवाज बारीक करून सांगायची, टँकर आमच्या दारातच थांबव. म्हाताऱ्याला हंडा उचलवत नाय. त्याला हे सांगू नको पण."

टँकर आमच्याच दारात थांबतो, तो वळायला तिथं जागा आहे म्हणून, असं मी समजत होतो.

"ह्यापुढंही थांबवीन, काका," मध्या म्हणाला.

"नको थांबवू," मी म्हटलं. "नळाला पाणी सोड."

तो परत दात घासायला लागला. मी हंडा रस्त्यात ठेवला आणि परत पहिल्यापासून सुरू झालो.