कोट घरी पोचला

स्कॉर्विक गावात रात्री बाहेर गेलेला माणूस एक वाजायच्या आत परतला नाही, तर त्याचा कोट एकटा घरी येतो, आणि कोट आला की माणूस आला असं धरलं जातं.

नीलाक्षी आणि उदय देवस्थळी चिपळूणहून इथे येऊन दोन वर्षं झाली होती. उदय मासळीच्या कारखान्यात कोल्ड स्टोरेजची यंत्रं बघायचा, नीलाक्षी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. जानेवारीतल्या एका शुक्रवारी उदय कारखान्यातल्या लोकांबरोबर बंदराजवळच्या बारमध्ये गेला. बाहेर उणे अठरा होतं. सव्वाच्या सुमारास बेल वाजली. दारात त्याचा काळा लोकरी कोट उभा होता, खांद्यांवर बर्फ. कोट आत आला आणि उदयच्या खुर्चीत बसला. उदयचा फोन कोटाच्या खिशात होता.

शेजारच्या सोल्वाईबाई जाग्या होत्या. आता शोधायला जाऊ नकोस, असं त्यांनी नीलाक्षीला बजावलं. एक वाजून गेला होता, तिचाही कोट जिन्यातूनच परत फिरला असता. सोल्वाईबाईंच्या नवऱ्याचा कोट त्यांच्याकडे अकरा वर्षं होता. त्रास काही नाही, त्या म्हणाल्या, फक्त बोलत नाही.

सकाळी नीलाक्षी पोलीस चौकीत गेली. तिथल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने तिला कॉफी दिली, नोंद काढली आणि श्री. देवस्थळी एक वाजून चौदा मिनिटांनी घरी पोचल्याचं सांगितलं.

"तो कोट आहे," नीलाक्षी म्हणाली.

"हो," अधिकारी म्हणाला. "पण जो माणूस घरी आहे, त्याला आम्ही कुठे शोधणार?"

मार्चमध्ये बर्फ वितळलं की काहीजण सापडतात, हेही त्याने सांगितलं. तेव्हा कुणाला तरी ओळख पटवायला यावं लागतं.

दिवसभर ती गावभर फिरली. संध्याकाळी बोटीच्या प्रतीक्षालयात, हीटरला पाठ लावून बसलेला उदय तिला दिसला. अंगात नुसता शर्ट, बोटांची टोकं काळी पडलेली. कोट बारमधल्या खुर्चीवर ठेवून तो जरा मोकळ्या हवेत म्हणून बाहेर आला होता, तेव्हा त्याच्या घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती; परत आत गेला तर कोट निघून गेला होता.

"रात्री घरी येऊन मी तीनदा बेल वाजवली," तो म्हणाला.

"एकदाच वाजली," ती म्हणाली. "तेव्हा कोट आला होता."

मग तो ऊब मिळावी म्हणून कारखान्याच्या कॉम्प्रेसरखोलीत गेला होता. पहाटे वॉचमनने त्याला बाहेर काढून त्या खोलीला कुलूप लावलं. प्रतीक्षालयही अकराला बंद होणार होतं. नीलाक्षीने आपला निळा कोट काढला आणि त्याच्या खांद्यांवर टाकला. त्याने तो घट्ट धरला, पण बाह्या चढवल्या नाहीत.

"हा घालून गेलो तर मी तू होईन," तो म्हणाला. "मग तुझं काय?"

"आधी घरी चल."

दोघं चालत निघाले. तिचे दात वाजत होते. उदयने दोनदा कोट परत देऊ केला, तिने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. इमारतीच्या दारात सोल्वाईबाई बर्फ झाडत होत्या. त्यांनी उदयकडे पाहून विचारलं, "नीलाक्षी, सापडला का गं नवरा?"

"घरीच आहे," उदय म्हणाला, आणि नीलाक्षीला आत येता यावं म्हणून दार जरा जास्त वेळ उघडं धरलं.

सोमवारी कोट कारखान्यात गेला. उदय वृद्धाश्रमात गेला. तिथे त्याला नीलाक्षीचा एप्रन मिळाला आणि बटाटे सोलायला सांगितलं. नीलाक्षी घरात राहिली. नवा कोट घ्यायला बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायला कोट लागतो.

रविवारी चिपळूणहून तिच्या आईचा फोन आला. नीलाक्षीने उचलला.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

"मी गं, आई."

"कोण बोलतंय?" आईने पुन्हा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर नीलाक्षीने फोन उदयच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला.

"हो आई," मग तो म्हणाला. "जेवले."

आई आवाज ओळखून हसली आणि बोलत राहिली. नीलाक्षी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि हळूच म्हणाली, "गुडघ्याचं विचार."

"आई, गुडघा कसा आहे?" उदयने विचारलं.