लाख व्होल्ट आणि एक बोट कुंकू

जिथे काहीच नसतं तिथे भांडणही होत नाही. हे सत्य विजेलाही लागू आहे. टाकीतली हवा उपसून काढली की आत समोरासमोर बसवलेले दोन धातूचे गोळे लाख व्होल्टलाही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. ठिणगी पडलीच, तर दोष पोकळीचा नसतो. कुठल्या तरी गोळ्याला धूळ, ओरखडा नाहीतर कुणाचं बोट लागलेलं असतं. (सोसायटीच्या सभेतही बहुधा हेच होतं.)

महापेतल्या एका प्रयोगशाळेत अभिराम हे सत्य बावीस वर्षं सांभाळत होते. सोमवारी तपासनीस येणार होते. टाकीने लाख व्होल्ट दहा मिनिटं पेलले तर विभाग राहणार, नाहीतर त्या जागी कॅन्टीन वाढणार (टेबलं येऊनही पडली होती). अभिरामांनी एकवीस दिवस हातमोजे घालून गोळे घासले. टाकीपाशी शिंकायला लेखी परवानगी लागे. (आलेले अर्ज तीन, मंजूर शून्य.)

शुक्रवारी खंडेनवमी. ऑफिसातल्या रंजिताबाई तबक घेऊन दारात.

"सर, झेरॉक्सपासून पंचिंग मशीनपर्यंत सगळ्यांना कुंकू लावलं. हिनंच काय घोडं मारलंय?"

"बाहेरून लावा. आत बोट लागलं तर ठिणगी पडेल."

"कुंकवानं? तुम्ही ना सर, टेन्शनच फार घेता!"

बाई टाकीच्या दारावर स्वस्तिक काढून, कुंकवाची वाटी तिथेच ठेवून गेल्या.

सोमवारी चाळीस हजारालाच ठिणगी पडली. टाकी उघडली, तर वरच्या गोळ्याच्या ऐन कपाळावर टिळा! सगळ्यांनी रंजिताबाईंकडे पाहिलं.

"देवाशप्पथ, मी नाही! टाकीच्या किल्लीची वही बघा."

वहीत शुक्रवार संध्याकाळची एकच सही होती.

"मीच लावलं," अभिराम म्हणाले. "बावीस वर्षांत पहिल्यांदाच धीर सुटला हो. म्हटलं, रिस्क कशाला? पण हातमोजे घालूनच लावलं."

तपासनिसांनी (मनगटावर लाल दोरा) एक दिवसाची मुदत दिली. अभिरामांनी कुंकू पुसलं, बारीक बारीक ठिणग्या पाडून गोळ्यांवरची उरलीसुरली खडबड जाळली, आणि मंगळवारी टाकीने लाख व्होल्ट निमूट पेलले. विभाग वाचला. तपासनिसांच्या अहवालात श्रेय कुंकवाला मिळालं. अभिरामांनी खाली सही केली.

वाचकांनी खुशाल हसावं. फक्त त्याआधी आपल्या नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवलेलं लिंबू आठवावं. अभिरामांनी निदान हातमोजे तरी घातले होते.