वानखडे सरांची कात्री

कॉलेजात जनुकांवर संशोधन करणारे वानखडे सर माझ्या दुकानात शिरतात ते दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखे. हातांत निळे मोजे. काउंटरला, दाराला, माणसाला स्पर्श नाही.

जठारपेठेत माझं प्रयोगशाळेच्या सामानाचं दुकान आहे. त्याआधी मी परतवाड्याच्या बैलबाजारात दलाली केली. तिथे रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो. ती सवय सुटली नाही. अजूनही सौदा जमला की मी रुमाल टाकून हात पुढे करतो. अख्ख्या अकोल्यात तो नाकारणारा माणूस एकच. वर त्याने माझी नळ्यांची पेटी परत पाठवली, का तर मी ती उघड्या हातांनी उघडली.

"माझे हात काय घाण आहेत?" मी भडकलो.

"तुमचेच नाही शेठ, माह्येबी. बोटाबोटावर कात्र्या हायेत. उकळल्या तरी धार जात नाही त्याईची."

मग सरांनी समजावलं. जनुक म्हणजे तिजोरीतला मूळ कागद. पेशी त्याची चिठ्ठी काढते, तिचं नाव आरएनए. ती वाचून प्रोटीन बनतं. काम झालं की एन्झाइमची कात्री चिठ्ठी कापते. "नाही कापली तं कारखाना चालूच. पण बोटावरची कात्री माह्या नळीतल्या चिठ्ठीवर पडली तं साऱ्या मेहनतीचं वाटोळं."

तेव्हापासून पोळी मोडतानाही मी बोटांकडे बघतो. शिकलेल्या माणसाची भीती लागट असते.

परवा सर आले ते हात खाली सोडून. त्यांच्या बायकोचं, काकूंचं, शरीर एक प्रोटीन चुकीचं बनवतंय, ते नसांत साचतंय, पाय बधिर होत चाललेत. अमरावतीच्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन सुचवलं. ते शरीरातल्याच एका कात्रीला नेमकी तीच चिठ्ठी दाखवतं.

"जन्मभर कात्रीले भेलो," सर म्हणाले, "आता तिच्याच भरवशावर बसून राहिलो. उद्या पहिली सुई. तेवढीच चिठ्ठी कापीन ना ते, शेठ? दुसरी नाही ना?"

मी बैलाचे दात पाहून मोठा झालेला माणूस, मला काय कळणार? सवयीने रुमाल टाकून हात पुढे केला. चूक लक्षात आली तसा मागे घेणार, तोच सरांनी मोजा काढला आणि रुमालाखाली हात घातला.

बोटं गार होती. मी भावाची वाट पाहिली. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून राहिले.